माणूस वजन म्हणून बसवायचा नसतो

तेजलताईवर अन्याय झाला तो गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, बॉथेलमध्ये टाउनहोम्सचं, म्हणजे जोडून असलेल्या घरांचं, बांधकाम चालू असलेल्या एका साइटवर. नाव आधी सांगते, कारण आपल्या लोकांत तिचा उल्लेख "ती मशीनवाली" असाच होतो.

ती इथेच, परदेशात जन्मली. आईवडील पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी टेलिहँडलर चालवायची, म्हणजे लांब हाताच्या भल्यामोठ्या फोर्कलिफ्टने तिसऱ्या मजल्यावर माल चढवायची. बाबा चारचौघांत सांगत, "कन्स्ट्रक्शनमध्ये मॅनेजर आहे." ती तिथल्या तिथे म्हणायची, "नो बाबा, ऑपरेटर."

मी कामगारांच्या सुरक्षेची पत्रकं वाटते. साइटच्या गेटवर आमची भेट झाली. 'ओव्हरलोडचा अलार्म वाजताच पळा!' असं मी ठळक छापलं होतं. ती वाचून हसली. "पळून काय, अडखळून पडायचं? मशीनकडे बघत मागे सरकायचं. अँड नोबडी अंडर द लोड, एव्हर. हे मोठं लिही, यार." मग डबा घेऊन एकटीच केबिनमध्ये चढली. "वर बरं असतं. कोणी स्माइल कर म्हणत नाही."

त्या मंगळवारी पावसात भिजून जड झालेला प्लायवूडचा गठ्ठा होता. मशीनचा हात लांब होताच अलार्म ओरडला, मागची चाकं जमिनीवरून सुटली. फोरमन खाली उभ्या मजुरांना म्हणाला, "दोघं मागे चढून बसा, तेवढंच वजन!" दोघं निघालेसुद्धा. ताईने हॉर्न दाबून धरला तेव्हा थबकले. तिने मशीनचा हात आधी आत घेतला, मग माल खाली, इतक्या सावकाश की बघणाऱ्याचा जीव टांगणीला. सीटचा पट्टा सोडला नाही, उडी मारली नाही. चाकं टेकली, माल जमिनीवर आला, तशी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. "गठ्ठा अर्धा करा, मग उचलते. माणसं वजन म्हणून बसवायची नसतात."

हे मला त्या दोघांपैकीच एकाने सांगितलं. साइटवर मात्र तो गप्प राहिला. संध्याकाळी ताईला कळवण्यात आलं: उद्यापासून येऊ नकोस, तू टीमशी जमवून घेत नाहीस.

शनिवारी मराठी मंडळाच्या जेवणात शोभाकाकू तिला म्हणाल्या, "अगं, तेवढ्यापुरतं ॲडजस्ट करायचं."

"काकू, तुमच्या रोहनला बसवू का मागे?" ताईने विचारलं.

काकू ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. पाठोपाठ बाकीचेही. आमच्या टेबलावर ताई, मी आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या. ताईने जेवण पूर्ण संपवलं, तेही मान वर करून.

आता ती डोंगरापलीकडे, सफरचंदांच्या गावात काम करते. भाड्याच्या खोलीत एकटी. परवा फोनवर म्हणाली, "इथे कोणी मराठी नाही. सो ॲडजस्ट कर म्हणणारं पण कोणी नाही." मग मंडळाचं पुढचं जेवण कधी आहे ते विचारलं.

त्या साइटवरची घरं आता विकायला निघालीत. तुमच्यातले कितीतरी जण रविवारी मॉडेल होम बघायला जातात, मला माहितीये. किचन बघून झालं की सेल्सच्या टेबलाशी उभे राहा आणि विचारा: काम थांबवणाऱ्या त्या ऑपरेटरला परत कधी घेता? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.