हरवलेली कोनशिला

ती फिर्याद अजून विसरलो नाही, कारण चोरीला गेलेल्या मालाची कोणालाच गरज नसावी, असा माझा समज होता.

लातूरच्या त्या बागेत सकाळी योगासनं चालत, दुपारी परीक्षेची पोरं अभ्यासाला बसत आणि संध्याकाळी अख्खी गल्ली जमे. दाराजवळच्या भिंतीवर एकाच बागेच्या चार कोनशिला होत्या: भूमिपूजन, उद्घाटन, सुशोभीकरण, नूतनीकरण. शेवटची, काळ्या ग्रॅनाइटची, गायब झाली. तिच्यावर ज्यांचं नाव होतं ते पुढारी त्याच आठवड्यात येणार होते. संशयित ठरलेलाच होता: कंत्राटी वॉचमन. पाटी सापडली नाही तर त्याला काढणार, असं कंत्राटदाराने माझ्यादेखत सांगितलं.

ठाण्यात त्याला खुर्ची दिली, तरी तो उभाच राहिला. पाटी कोणी नेली, विचारलं.

"नेली न्हाई कुणी, साहेब."

सराईत चोर इतकं कमी बोलत नाही. 

मग बागेबाहेरच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, लोक बसायलेत पाटीवर."

मी मूळचा साताऱ्याकडचा. प्रकरण कोणीतरी दाबून बसलंय, असा अर्थ लावून पालिकेतल्या बाबूंचे जबाब घेतले. प्रत्येकाने तत्परतेने दुसऱ्याचं नाव सांगितलं. शेवटी रेणापूरचे आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, इकडं बसायलेत म्हंजी आत्ता, खरंच बसलेत."

गेलो. लिंबाखाली मोडका सिमेंटचा बाक, त्यावर काळी फरशी, फरशीवर तीन म्हाताऱ्या. थोरली जागची हललीसुद्धा नाही. बाक मोडल्यापासून सांगून थकलो, पाटी भिंतीवर हलतच होती, नातवांकडून काढून आणवली, असं तिने सरळ सांगितलं. उलटी का घातली, विचारलं.

"नावं टोचत्यात, बाबा."

वॉचमनला सगळं ठाऊक होतं. मग बोलला का नाहीस, विचारलं तर म्हणाला, "मावश्या कुठं टेकणार मग?"

माल बागेतच मिळून आला, चोरीचा हेतू दिसत नाही, असा पंचनामा केला. त्याची नोकरी वाचली. पाटी भिंतीवर परत गेली. पुढारी आले, ज्येष्ठांच्या सोयींवर बोलले. ते भाषण त्या तिघींनी उभ्याने ऐकलं.

निवृत्तीनंतर मी लातूरलाच राहिलो. गुडघे धरतात, तरी रोज त्या बागेत जातो. भिंतीवर आता पाचवी पाटी आहे. तिच्यावरची नावं मी वाचलेली नाहीत. बसायला पुरेल का, तेवढं पाहून ठेवलं आहे.