पिशवीवरचा टॉवेल

"स्वादुपिंडात गाठ आहे. तिनं पित्तनलिका दाबली आहे. ही साधी कावीळ नाही," गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. त्याआधी दीड महिना आम्ही साधी कावीळ समजून यांना उसाचा रस पाजत होतो.

बिलिरुबिन, म्हणजे रक्तात चढलेलं पित्त, इतकं वाढलं होतं की लगेच ऑपरेशन शक्य नव्हतं. आधी पीटीबीडी करायचं ठरलं, म्हणजे बरगड्यांमधून यकृतात नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढायचं. कावीळ उतरली की गाठ काढून पित्तनलिका आतड्याला जोडायची. तारीखही मिळाली. माझ्याकडे काम एकच, दिवसभरात किती पित्त जमलं ते मापून लिहायचं.

चार वाजता भेटणारे यायचे. देवळाली कॅम्पातले शेजारी, नामपूरचे भाऊबंद. खाटेला लटकलेली पिवळट हिरवी पिशवी बघून नामपूरच्या चुलतदिरांनी नाक मुरडून विचारलं, "हाई काय शे, वहिनी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी साडेतीनलाच पिशवी बेसिनमध्ये रिकामी करून वर टॉवेल टाकू लागले. ओतलेलं मापायचं डोक्यातच आलं नाही. सकाळी पिशवीत असेल तेवढंच लिहायचे.

चौथ्या दिवशी कागद बघून डॉक्टर म्हणाले, "पित्त निम्म्यावर आलंय. नळी अडकलेली दिसते." मी शेजारीच उभी होते. काय सांगणार, पाहुण्यांना किळस येऊ नये म्हणून ओतून टाकलं? 

नळी कुठे अडकली ते बघायला तिच्यात औषध सोडून एक्स-रे काढले. संध्याकाळी यांना हुडहुडी भरून ताप आला. कोलँजायटिस, म्हणजे त्या तपासणीत पित्तनलिकेत जंतू शिरले. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं.

पोट उघडलं तेव्हा गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती. काढता आली नाही. बायपास केला, म्हणजे पित्तनलिका आतड्याला जोडून पित्ताला वाट करून दिली. मग मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. "तीन आठवड्यांनी फरक पडला नसता," ते म्हणाले. खरं म्हणाले की माझ्या समाधानासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

पिशवी सुटली. हे आणखी सात महिने जगले. चुलतदीर त्यात एकदाही फिरकले नाहीत.

तुमच्या माणसाला अशी नळी लावली, तर पिशवी झाकू नका. ज्याला किळस येते त्याला खुशाल बाहेर बसवा.

शेवटी शेवटी मी यांनाही सांगून टाकलं. हे म्हणाले, "माहीत होतं मला. जागाच असायचो मी. मलाही ती पिशवी कुणाला दाखवायची नव्हती."

त्या एका गोष्टीसाठी मी यांच्यावर अजून रागावलेली आहे. स्वतःवर आहे, तेवढीच.