गाळलेले नऊ महिने

धाड गावच्या बाजारात कुणालाही विचारा, पूनम मॅडम घरी बसून काय काम करतात, तर तो बिनदिक्कत सांगेल की बँकेचं. मॅडमनी ते दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलंय. श्रीमंतांचे पैसे गोळा करून कारखान्यांत घालणारे आणि चार-पाच वर्षांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडणारे फंड असतात, त्यांचे हिशेब पुण्याची एक कंपनी ठेवते आणि त्या गुंतवणुकीवर दरसाल किती टक्के सुटले ते मॅडम काढतात, हे सगळं मेथीची जुडी निवडता निवडता सांगायचं तरी कसं?

त्याआधी बारा वर्षं त्या बुलडाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवत होत्या. म्हणजे घेतल्या तासाचे पैसे, तेही कॉलेजला आठवण झाली की. शिकवायच्या मात्र जीव तोडून. ग्रॉस आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवर दरसाल सुटणारा ढोबळ टक्का, हे प्रकरण पुस्तकात पानभर सूत्रांत अडकलेलं. मॅडमनी ते सरळ शेळीवर आणून ठेवलं. आपल्याकडे शेळी अर्ध्या वाट्यानं राखायला देतात. झाली तेवढी सगळी करडं धरून टक्का काढला तर तो ग्रॉस, राखणाऱ्याचा वाटा वजा करून काढला की नेट. आणि दिवस मोजायचे ते शेळी राखणाऱ्याच्या दावणीला गेली तिथपासून, मग ती उसन्या पैशांनी घेतलेली का असेना. पैसा दुप्पट झाला एवढं सांगून भागत नाही, किती दिवसांत झाला ते सांगा, असं त्या म्हणायच्या. शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही एवढं समजायचं.

कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि तासिकाही. नवरा राजकुमार धाड-बुलडाणा जीप चालवायचा, ती दारात उभी राहिली. अशात एका जुन्या ओळखीतून हे पुण्याचं काम मिळालं. पहिला पगार खात्यात दिसला तेव्हा मॅडमनी मोबाइल दोनदा बंद करून चालू केला. काही गडबड असेल अशीच त्यांची समजूत झाली होती.

दुसऱ्या वर्षी हिशेबाची ती एक शीट आली. एका फंडानं कारखान्यात चाळीस कोटी घातले होते आणि चार वर्षांनी ऐंशी घेऊन तो बाहेर पडला होता. मॅडमचा आकडा आला एकोणीस टक्के. तासाभरात पुण्याच्या साहेबांचा फोन. ते चाळीस कोटी आधी बँकेकडून उचललेले होते, गुंतवणूकदारांचे पैसे नऊ महिन्यांनी आले, तेव्हा ती तारीख धरा म्हणाले. नऊ महिने गाळले की आकडा जवळजवळ चोवीसवर जात होता, आणि चोवीस दाखवले की पुढच्या फंडाला पैसे गोळा करणं सोपं. ग्रॉस काढताना पैसा कारखान्यात गेला तो दिवस धरतात, असं मॅडमनी सांगून पाहिलं. साहेब मुळीच चिडले नाहीत. मॅडमची मुलगी हॉस्टेलवर होती, तिच्या फीची चौकशी केली, हल्ली कामाला माणसं पाहिजे तेवढी मिळतात असं सहज बोलले आणि शीट चारपर्यंत पाठवा म्हणाले. मॅडमनी साहेबांच्या तारखेनं पावणेचारलाच पाठवली, खाली 'तयार करणारी' म्हणून स्वतःचं नाव घालून. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, एवढीच काय ती शिक्षा.

पुढे काम वाढलं, आणखी एक माणूस हवं झालं, तेव्हा त्यांनी आपली विद्यार्थिनी काजल हिचं नाव सुचवलं. लोणारची ही मुलगी हुशार, मेहनती, आणि मॅडमच्या शब्दावर डोळे मिटून चालणारी. मॅडमना त्याचं फार कौतुक होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काजलची शीट त्यांच्याकडे तपासायला आली. फंड दुसरा, कारखाना दुसरा, पण इथंही बँकेचे पैसे आधी आणि गुंतवणूकदारांचे नंतर. काजलनं नंतरची तारीख धरली होती. मॅडमनी जरा रागातच फोन लावला आणि ही तारीख कुणी सांगितली म्हणून विचारलं.

"तुमच्याच जुन्या शीटवरून घेतली ना मॅडम," काजल म्हणाली. "क्लासात आपण दुसरं शिकलो होतो, मले आठवते. पण मॅडमनं केलं म्हंजे तेच बरोबर असन."

घाईत चूक झाली गं, एवढं मॅडमनी म्हटलं असतं तर काजलनं ते लगेच मानलं असतं, नोकरीला धक्का नव्हता आणि मानालाही. पण घाईत झालेली चूक नव्हती ती. बारा वर्षांत शिकवलेल्या एवढ्या मुलांत ही एक अजून त्यांचं ऐकत होती, आणि आता जन्मभर चुकीची तारीख धरणार होती, तीही त्यांच्यावरच्या विश्वासापायी. मॅडमना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काजल, ते चूक हाये," त्या म्हणाल्या. "अन् मले तवाही माहीत होतं."



"मंग नाव काऊन टाकलं मॅडम?"

"भेव वाटलं. नोकरी जाईन म्हणून."

त्याच सकाळी त्यांनी साहेबांना लिहिलं. जुन्या शीटमधली तारीख चुकीची आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, खरा आकडा सोबत जोडला आहे आणि नवी शीटही पैसा कारखान्यात गेला त्या तारखेनंच जाईल. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं की तो फंड आता दुसरं कुणी पाहील. नोकरी राहिली, वर्षअखेरची पगारवाढ गेली. जुना आकडा कुणी बदलला की नाही, हे मॅडमना आजही माहीत नाही.

काजलचं बोलणं पूर्वीसारखंच आदराचं राहिलं. पुढच्या महिन्यात तिची शीट आली, तेव्हा प्रत्येक तारखेला बँकेचा कागद जोडलेला होता. त्यातल्या दोन तारखा मॅडमनी स्वतः तिला फोनवर सांगितल्या होत्या. त्या दोन्हींपुढे काजलनं लिहिलं होतं, 'पूनम मॅडमनी सांगितलेल्या तारखा कागदावरून तपासल्या. दोन्ही बरोबर.'

आपल्या शब्दावर न जाता हिनं असंच करायला हवं होतं, पहिल्या दिवसापासून. मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि उरलेल्या तारखा एकेक करून तपासायला घेतल्या.