कानाखालचा खवला

कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुमेधाताई टिपणीसांनी सव्वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसवेना. कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरच्या इग्वानांचे, म्हणजे मोठ्या सरड्यांचे, फोटो ओळखायला एका संस्थेला व्हॉलंटियर हवे होते. बाई त्या नादाला लागल्या.

बेटावर इग्वानांच्या दोन जाती. एक मूळची, दुसरी बोटींतून आलेली. ही परकी जात पकडून हलवली नाही, तर मूळची संपणार. मोठे इग्वाना लांबूनही कळतात. पिल्लं मात्र दोन्हींची सारखीच पोपटी. कानाखाली मोठा गोल खवला आणि शेपटीवर पट्टे असले, की पिल्लू परकं. चार वर्षांत सुमेधाताईंची नजर अशी बसली, की अडलेला फोटो संस्थेचे लोक त्यांच्याकडेच पाठवत.

शेजारच्या वरदाला त्यांनीच हे शिकवलं. मुलगी नागपूरची, बर्मिंगहॅमला बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी. आणि यंदा संस्थेने प्रत्यक्ष बेटावर पाठवायला निवडलं ते वरदाला! सुमेधाताईंनीही अर्ज केला होता. 'तुमचा गुडघा बदललेला आहे, जंगलात चालणं फार आहे,' असं गोड शब्दांत उत्तर आलं.

"मजा कर हं," म्हणत त्यांनी वरदाला चिवड्याचा डबा दिला. दार लागल्यावर सिंकमधली भांडी आपटली.

आठवड्याने दुपारी तीनला वरदाचा फोटो आला. 'काकू, हे कुठलं? मला कळत नाहीये.' झाडावरचं पिल्लू, कानावर पान आलेलं, शेपटीवर काळे पट्टे. सुमेधाताईंनी फोटो मोठा केला. पट्टे कसले, फांद्यांच्या सावल्या होत्या त्या! जबड्यापासून खांद्यापर्यंत मूळच्या जातीची पांढरी रेघ स्पष्ट होती. मूळचंच.

त्यांनी फोन पालथा ठेवला. चुकू दे की एकदा. कळू दे संस्थेला, कुणाला पाठवलंय ते.

चहा केला, तो गार झाला. बागेतले गुलाब छाटले, त्यात दोन चांगल्या कळ्याही गेल्या. पावणेपाचला मात्र राहवेना. तिच्या चुकीपायी ते पिल्लू घरातून उठणार होतं. त्यांनी फोन लावला.

"वरदा, मूळचं आहे ते. पकडलंस का?"

"हो काकू, पिशवीत ठेवून सावलीत बसलेय. तुमचं उत्तर आल्याशिवाय कुणालाही हात लावू देणार नाही म्हटलं."

सुमेधाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फोटो मी केव्हाच पाहिला होता गं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम उत्तर दिलं नाही."



"का, काकू?"

"तू तिथे आहेस म्हणून."

 मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. "सोडतेय," ती हळूच म्हणाली.

"थांब. हाताला कसं लागतं ते?"

"ऊबदार लागतंय. नखं बारीक टोचतायत."

सुमेधाताई ऐकत राहिल्या. हेवा तसाच होता, तरी त्यांनी विचारलं, "आणि डोळे?"