हवेचा चिकटपणा

पत्नी गेल्यावर नौपाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटाच राहत होतो. ठाण्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. शाळा सुटली की बोलायला कोणी नसे. त्या वर्षी एका इंग्रजी मासिकात वाचलं, की हवाही काकवीसारखी चिकट असते, फक्त फार थोडी. आणि तिच्यातल्या प्राणवायूला लोहचुंबक ओढतो. मनात आलं, मग चुंबकाजवळ हवेचा चिकटपणा बदलत असेल का?

कल्याणच्या एका तांबटाकडून तांब्याची पातळ, गोल चकती करून घेतली.

"मास्तर, हिला काठ नाही. हिच्यात राहणार काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. हवेत टांगायची आहे."

तो हसला नाही. चकती पुन्हा ठोकून अगदी सपाट करून दिली.

रेशमी धाग्यानं ती आडवी टांगली आणि पीळ देऊन सोडली. डावी-उजवी फिरत ती हळूहळू थांबे, कारण हवा तिला धरी. मी हेलकावे मोठ्यानं मोजायचो. घरात तेवढाच आवाज. मग तारखात्यातून मागून आणलेल्या जुन्या बॅटऱ्यांवर, चकतीच्या खाली ठेवलेला विद्युतचुंबक चालू केला. चकती निम्म्या हेलकाव्यांतच थांबली! दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

धावत बाहेर आलो. शेजारीणबाई अंगणात पापड उचलत होत्या.

"काही हवंय का, मास्तर?"

"नाही, काही नाही," म्हणालो आणि आत आलो. मुंबईच्या कॉलेजातल्या एका प्रोफेसरांना पत्र लिहायला बसलो.

त्यांचं उत्तर आलं: "चुंबकापुढे तांबं हललं की त्यात वीज उत्पन्न होते आणि तीच त्याला अडवते. हवेचा संबंध नाही. काचेची चकती घेऊन पाहा."

हा नियम मीच वर्गात शिकवत होतो. वाचताना कान तापले.

काचेच्या चकतीत काहीच फरक पडला नाही. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं, तरी दोन महिने दर रविवारी मोजत राहिलो. शेवटी तसं कळवलं. उलट टपाली कार्ड आलं: "फरक नाही हेही कळवलंत, फार बरं केलंत. माझ्याकडे याहून मोठा चुंबक आहे. या, मिळून पाहू."

कोट धुऊन ठेवला. पण ती तांब्याची चूक आठवली की पाय उचलेना. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणता म्हणता वर्ष उलटलं आणि वर्तमानपत्रात त्यांच्या निधनाची बातमी वाचली. शाळेत गेलो, सगळे तास घेतले. ते माझे कोण होते, हे सांगावं असं कोणी नव्हतं.