मुळांसकटची माती

निवृत्तीनंतर मी शेतीला लागलो आणि ट्रॅक्टर त्याहूनही उशिरा शिकलो. चार माणसांदेखत तो चालवायचा म्हटले की आजही माझे तळहात ओले होतात. मात्र पुढे लोडर बसवलेला ट्रॅक्टर कोंडाण्याच्या वाटेवर तेव्हा माझ्याकडेच होता. त्यामुळे शेजाऱ्यांना माझ्याकडे येण्यावाचून इलाज नव्हता.

आमच्या भागात आता पुष्कळ घरांतून रक्षा नदीत सोडत नाहीत. स्वतःच्या शेतात खड्डा घेऊन ती मातीत मिसळतात आणि वर झाड लावतात. शेजाऱ्यांचा थोरला मुलगा साजगावला कारखान्यात कामाला होता, काविळीने गेला. त्याच्या रक्षेवर लावलेला आंबा घराच्या वळचणीइतका उंच झाला, तेव्हा नव्या रस्त्याची आखणी नेमकी शेताच्या त्या तुकड्यावरून गेली. झाड उचलून परसात आणायचे ठरले.

खणून झाल्यावर मी मुळांभोवतीचा मातीचा गड्डा पाहिला आणि तो निम्मा तासावा लागेल, एवढे वजन लोडर पेलणार नाही, असे चाचरत सांगितले.

"कुठली निम्मी माती, सर?" मुलाच्या आईने विचारले. "तो कुठल्या निम्म्यात हाय, तेवढं दाखवा."

"वहिनी, उरलेली माती गोणीत भरून वेगळी नेऊ."

"युरियाच्या गोणीत भरू त्याला?"

त्या घरात गेल्या आणि आपली लुगडी घेऊन आल्या. गड्ड्याला गोणपाटाऐवजी तीच गुंडाळली, वरून काथ्या आवळला.

"लगीन लावतेस का गं झाडाचं?" त्यांचे यजमान म्हणाले.

"त्याचं लावायचं ऱ्हायलंच हाय," त्या म्हणाल्या. यजमान काथ्याची गाठ पुन्हा तपासू लागले.

पट्टे खोडाला न बांधता गड्ड्याखालून घेतले. मागची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून गावातले दोघे वजनासाठी मागे चढून उभे राहिले होते. त्यांना उतरवून मी वाळूच्या गोणी बांधल्या. गड्डा जमिनीपासून वीतभर उचलला आणि तेवढ्याच उंचीवर ठेवून निघालो. इंजिन कण्हत होते. वहिनींना बाजूला व्हायला दोनदा सांगितले, तरी त्या झाडाच्या चालीने, पण अंतर राखून, चालत राहिल्या.

रस्त्यात गेलेली जमीन आणि त्यांची उरलेली जमीन यांच्यामध्ये एक बांध होता. तो उतरता करून घेतला होता. तरीही पुढचे एक चाक भुसभुशीत जागी खचले, झाड डोलले आणि लुगडे फाटल्याचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. गड्डा मधोमध फुटला. माती बांधावर, बहुतेक रस्त्याच्या बाजूला, पसरली. झाड मोकळ्या मुळांनी आडवे पडले.

मी इंजिन बंद केले. कुणी मला बोल लावला नाही. वहिनी खाली बसल्या आणि पदरात माती भरू लागल्या. थोड्या वेळाने त्यांचे हात थांबले. गड्ड्यातली माती कोणती आणि बांधाची कोणती, हे आता ओळखू येत नव्हते.

"अगं, झाड तरी लावू दे आधी," यजमान म्हणाले. "मुळं सुकत्यात."

"लावा तुमी."

"आणि ही?"

"ही सगळी न्यायची. बांधासकट."

यजमानांनी आडव्या झाडाकडे एकदा पाहिले आणि फावडे मातीत घातले.

मी पट्टे काढून लोडरची बकेट त्यांच्यापुढे जमिनीला टेकवली. मी ती पाण्याने धुऊन घेईपर्यंत वहिनींनी तिच्यात माती टाकली नाही. मग दोघे नवरा-बायको माती भरत गेले आणि मी ती परसात नेत राहिलो. सुटी माती, आदळली तरी तिचे काही बिघडणार नव्हते. तरीही झाड नेताना चालवला, त्याहून सावकाश मी ट्रॅक्टर चालवला. बांधाखालचा कठीण मुरूम लागला, तरी वहिनी नखांनी उकरतच होत्या.