सात टाक्यांच्या राज्याची लेखिका

शुभदा गायकवाड तळोज्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात सहायक होती. हेल्मेटांची नोंद ठेवायची, हातमोजे वाटायचे, अपघाताशिवाय किती दिवस गेले तो गेटवरचा आकडा रोज सकाळी बदलायचा आणि दर तीन महिन्यांनी मॉक ड्रिलचा प्रसंग लिहून काढायचा, ही तिची कामं. प्रसंग म्हणजे काय, तर ‘अकरा वाजून दहा मिनिटांनी टाकी क्रमांक चारच्या व्हॉल्व्हमधून गळती सुरू होते. अकरा बाराला सायरन वाजतो. कामगार मुख्य गेटजवळ जमतात.’ दहा वर्षं हेच. फक्त टाकीचा क्रमांक बदलायचा. सायरन झाला की निम्मे लोक कॅन्टीनकडे सरकत, उरलेले गेटवर येऊन तंबाखू मळत उभे राहत. एका ड्रिलला दीडशेपैकी एकतीस माणसं हजर होती, आणि त्यातले दोघे पलीकडच्या कंपनीतले होते.

शुभदा मूळची तुर्भ्याची. वडील महाडकडच्या एका गावातून येऊन इथल्या कारखान्यात लागले आणि ट्रकांच्या रांगेला पाठ लावून असलेल्या वस्तीत तिचं बालपण गेलं. आता ती जुईनगरला राहायची. नवरा आकाश कुरिअरच्या ऑफिसात होता. दोघांचं बरं चाललं होतं. तिला कसलंही दुःख नव्हतं, हे पुढे एका मुलीला फार खटकणार होतं.

त्या वर्षी जूनच्या ड्रिलचा कागद लिहायला ती बसली आणि ‘टाकी क्रमांक चार’ इथपर्यंत आल्यावर तिला जांभई आली. इतकी मोठी, की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने लिहिलं : ‘टाकी क्रमांक चारच्या तळाशी तीनशे वर्षं झोपलेल्या धुरंबाने आज सकाळी कूस बदलली.’

धुरंबा तिने हवेतून काढला नव्हता. क्लोरीनचं माहितीपत्रक समोर होतं, त्यावरूनच केला. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून धुरंबा जमिनीलगत सरपटतो. रंग पिवळट हिरवा. मान आखूड, त्यामुळे त्याला वर बघता येत नाही. वारा नेईल तिकडे जातो, स्वतःचं डोकं चालवत नाही. त्याच्यापासून वाचायचं तर त्याच्या पुढे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं होऊन बाजूने निघायचं आणि उंचावर जायचं. वाऱ्याची दिशा दाखवायला छपरावर जी नारिंगी पट्ट्यांची कापडी नळी फडफडत असते, तिला कामगार ‘पायजमा’ म्हणत. तिचा तिने एकटांग्या नावाचा पक्षी केला, आणि त्याच्याकडे बघून वाट काढणारी एक राजकन्या आणली. दीड पान झालं. शेवटी लिहिलं : ‘राजकन्या कुठल्या बाजूला वळली, ते पुढील ड्रिलच्या वेळी.’ आणि कागद नोटीस बोर्डावर लावून ती जेवायला गेली.

दुपारी साहेबांनी बोलावलं. उदयसिंह शितोळे हे सुरक्षा विभागाचे मॅनेजर. मूळचे कराडकडचे, मिशी जपणारे, आणि मॉक ड्रिलच्या दिवशी बूट स्वतः पॉलिश करणारे.

“गायकवाड मॅडम, हे काय आहे?”

“ड्रिलचा सिनॅरिओ, सर.”

“हा धुरंबा कोण?”

“क्लोरीन, सर.”

“मग क्लोरीन लिहा की.”

“दहा वर्षं लिहितेय, सर. कोणी वाचत नाही.”

साहेबांनी कागद काढायला शिपायाला पाठवलं, तर बोर्डापुढे गर्दी होती आणि शिपाई वाचत उभा राहिला. ड्रिलला एकशे चाळीस माणसं आली. आल्यावर मिनिटभर सगळ्यांनी मान वर करून पायजम्याकडे पाहिलं, जे आजवर कुणी केलं नव्हतं. आठवडाभरात चौघा-पाचजणांनी येऊन साहेबांना विचारलं, पुढचं ड्रिल कधी. उदयसिंहांनी चोवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कधी ऐकला नव्हता. त्यांनी त्यावर बराच विचार केला आणि ड्रिल दर महिन्याला करून टाकलं.

यातलं निम्मं श्रेय दत्तू तांडेलचं. दत्तू करावे गावचा, पंपावर ऑपरेटर. त्याचा बाप खाडीत जाळं टाकायचा आणि जाळ्यात काय आलं यापेक्षा काय येता येता राहिलं ते जास्त रंगवून सांगायचा. तो गुण दत्तूत उतरला होता. कंत्राटी कामगारांतल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नसे. त्यांना दत्तू जेवणाच्या सुट्टीत शुभदाचा कागद सांगायचा, त्यात पदरची भर घालून. राजकन्येला दत्तूने खाडीतला एक बोलता खेकडाही देऊन टाकला होता. शुभदाने तो ऐकला आणि मुकाट्याने पुढच्या कागदात घेतला.

कुणीतरी त्या कागदांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. तळोज्यातून ते तुर्भ्यात गेले, तिथून कुठे कुठे. दीड वर्षाने दादरच्या एका प्रकाशकाचा फोन आला. ‘सात टाक्यांचं राज्य’ या नावाने पहिला भाग निघाला, मग दुसरा, तिसरा. शाळांच्या स्नेहसंमेलनात हिरव्या चादरी पांघरून पोरं धुरंबा होऊन सरपटू लागली. वर्तमानपत्रात तिच्या नावाआधी ‘प्रसिद्ध’ हा शब्द आला. ते कात्रण तिने आकाशला दाखवलं.

“छान,” आकाश म्हणाला. “मी पिक्चर आला की बघीन.”

“एक भाग तरी वाच.”

“शुभा, मी दिवसभर लोकांचे पत्ते वाचतो. घरी आल्यावर डोळ्यांना टेन्शन नको.”

कारखान्यात मात्र तिचं काही बदललं नाही. सकाळी आकडा बदलायचा, हातमोजे वाटायचे. फरक इतकाच, की हातमोजे घेताना माणसं सही देण्याऐवजी सही मागत.

याच सुमारास क्षिप्रा लिमये तिच्याकडे येऊ लागली. ही विद्यापीठातली मुलगी, ‘शुभदा गायकवाड : जीवन आणि साहित्य’ या विषयावर प्रबंध लिहीत होती. मुलगी हुशार होती, मेहनती होती, दर रविवारी रेकॉर्डर घेऊन जुईनगरला यायची. साहित्याचं काम झपाट्याने चाललं होतं. अडत होतं ते जीवनाचं.

“मॅडम, तुमच्या लेखनाच्या मुळाशी एखादी जखम असेल ना?”

शुभदाने मनापासून आठवून पाहिलं. “दहावीत गणितात मार्क कमी पडले होते.”

“एकटेपणा?”

“एका खोलीत आम्ही सात जण होतो गं. कुठून असणार?”

क्षिप्राचा चेहरा इतका उतरला, की शुभदाला तिची दया आली. तिने तिला तुर्भ्याला आईकडे नेलं. रखमाबाईंनी आधी पोरीला पोटभर खायला घातलं आणि मग रेकॉर्डरकडे बघून स्पष्ट सांगितलं.

“लहानपणी ही फार खोटं बोलायची. शाळेतनं उशिरा आली की सांगायची, ट्रकखाली राक्षस अडकला होता, त्याला ओढून काढत होते. मी दोनदा मारलं हिला. आता तेच बोलते तर लोक शाल देतात. मला आधी कोणी सांगितलं असतं तर मारलं नसतं.”

क्षिप्राने वहीत लिहिलं, ‘मौखिक परंपरेचा वारसा आईकडून.’ शुभदाने ते वाचलं आणि ती चहा ठेवायला उठली.

मग चौथा भाग आला आणि शुभदा गोत्यात आली. या भागात तिने मोजीबाबाला मारलं. मोजीबाबा म्हणजे राज्याच्या वेशीवरचा म्हातारा. संकट आलं की बाहेर पडलेल्यांची डोकी मोजायची, हे त्याचं काम. एक डोकं कमी भरलं म्हणून तो मागे फिरतो आणि परत येत नाही. ते पान लिहिताना तिला वाटलं होतं की आपण आजवर लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं पान. वाचकांनाही तसंच वाटलं, आणि त्यांनी तिला सोडलं नाही. नागपूरहून, सावंतवाडीहून पत्रं आली. इकडे कारखान्यात दत्तूने तिच्याकडून हातमोजे घेणंच बंद केलं. शेजारच्या खात्यातून मागून आणी.

“तुमी त्याला मारलात कसा, मॅडम?” शेवटी एकदा त्याने विचारलं. “त्याने तुमचं काय वाकडं केलं होतं?”

“गोष्टीची गरज होती, दत्तूदादा.”

“गोष्टीची गरज होती. आनि आमची?”

त्या दिवाळीआधी युनियनने व्यवस्थापनाला मागण्यांचं पत्र दिलं. नवे बूट, पाळीभत्ता, कॅन्टीनमधल्या चपातीचा आकार, आणि सातव्या क्रमांकावर ‘मोजीबाबा यांना परत घेणे’. बैठकीत उदयसिंह म्हणाले, सातवी मागणी व्यवस्थापनाच्या अखत्यारीत येत नाही. दत्तू युनियनतर्फे बसला होता. तो म्हणाला, “पन मॅडम तुमच्याच डिपार्टमेंटला हायेत ना, साहेब?” साहेब चपातीच्या मागणीकडे वळले. चपाती मोठी झाली. सातवी मागणी ‘विचाराधीन’ असं लिहून पुढे ढकलली गेली.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला सायरन झाला. त्या दिवशी ड्रिल नव्हतं.

टाकी दोनच्या पाइपाचा जोड सुटला होता. शुभदा नोंदवही घेऊन बाहेर आली तेव्हा टाकीच्या पायाशी पिवळट हिरवं काहीतरी पसरताना तिला दिसलं. तिने पाच वर्षं जे लिहिलं होतं, ते तसंच्या तसं, घाई न करता, जमिनीलगत सरपटत येत होतं.  कुणीतरी तिला दंडाला धरून गेटकडे नेलं.

गेटजवळ सगळे जमले आणि उदयसिंहांनी वर पाहिलं. पायजमा थेट गेटकडे भरला होता. वारा आज उलटा होता. त्यांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे, आडव्या बाजूच्या चढावर हलवलं आणि मोजणी सुरू केली. एकशे सत्तेचाळीस माणसं हवी होती. एकशे एकवीस भरली. पुन्हा मोजली, तेवढीच. दत्तू नव्हता, आणि त्याच्या भोवती जेवायला बसणारे कंत्राटी कामगार नव्हते.

आगीच्या बंबावरची माणसं मास्क लावून आत गेली होती. व्हॉल्व्ह बंद व्हायला बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं शुभदा नोंदवहीतल्या सव्वीस नावांकडे बघत उभी होती आणि तिला आपल्याच पानावरचा म्हातारा दिसत होता, मागे फिरणारा. ते पान किती सुंदर जमलंय असं स्वतःशी म्हटल्याची तिला तेव्हा मनापासून लाज वाटली. मग त्याच पानावरची पुढची ओळ तिला आठवली आणि ती एकदम साहेबांकडे वळली.

“सर, ते उंबराखाली असतील.”

“कुठल्या उंबराखाली?”

“चौथ्या भागातल्या.”

 तिने भराभर सांगितलं. मुख्य गेट तिला लिहायला फार रुक्ष वाटायचं. लोखंडी फाटक, सिमेंट, वजनकाटा. म्हणून चौथ्या भागात तिने माणसांना पंपघराच्या मागे, टेकाडावरच्या उंबराखाली जमवलं होतं. कारखान्याच्या नकाशात ती जागा कुठेच नव्हती. पण झाड खरं होतं, ती तिथे डबा खायची.

दोघं बाहेरच्या भिंतीने वळसा घालून गेले. साहेब धावत होते आणि त्यांचे पॉलिश केलेले बूट भिंतीलगतच्या नाल्याच्या चिखलात जात होते. टेकाडावर उंबराखाली माणसं ओळीने उभी होती. वारा त्यांच्या पाठीकडून येत होता. दोघे खोकत होते, बाकी सगळे धड होते. दत्तू एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजत होता.

“पंचवीस, आनि मी सव्वीस,” तो म्हणाला. “पूर्ण हायेत, साहेब. पायजमा बघितला, गेटकडं भरला होता. मंग हिकडं आलो. वर चढलो.” मग शुभदाकडे वळून, जरा राग धरूनच, “मोजीबाबा मेल्यावर कोनीतरी मोजायला पायजे ना.”

शुभदा उंबराच्या मुळावर बसली आणि रडायला लागली. ओळीतल्या माणसांनी नजर दुसरीकडे वळवली. एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

दोन आठवड्यांनी चौकशीला सरकारी निरीक्षक आले. त्यांनी उंबराखाली जमलेल्यांना एकेक करून विचारलं, वाऱ्याला आडवं जायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं. सव्वीसपैकी एकोणीस जणांनी राजकन्येचं नाव घेतलं, पाच जणांनी खेकड्याचं. निरीक्षकांनी ते अहवालात तसंच उतरवून घेतलं. जाताना त्यांनी उदयसिंहांना सांगितलं, की उंबराखाली पाटी लावून ती जागा अधिकृत करून घ्या, आणि दारात थांबून हळू आवाजात विचारलं, पुढचा भाग कधी येतोय.

पुढे सातव्या, शेवटच्या भागात शुभदाने मोजीबाबाला परत आणलं. अडीच ओळींत आणलं, कसा वाचला ते नीट सांगितलंही नाही. क्षिप्राच्या गाइडनी त्यावर ‘रचनेच्या दृष्टीने अक्षम्य’ असा शेरा मारला आणि क्षिप्राने तो प्रबंधात घेतला. प्रबंध झाला तेव्हा त्यात साहित्य तीनशे दहा पानं होतं आणि जीवन नऊ. शुभदाने नऊच्या नऊ पानं वाचली. बरंच काही तिला स्वतःबद्दल नव्याने कळलं.

पुस्तकं संपली, तरी नोकरी अजून चार वर्षं आहे. गेल्या महिन्यात उदयसिंहांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि खणातून एक जाड फाइल काढून टेबलावर ठेवली.

“सहज लिहिलंय,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “काल्पनिकच आहे. बघा वेळ मिळाला तर.”

नायक एका अद्भुत गडाचा किल्लेदार होता. उंचापुरा, मिशी भारदस्त, आणि शत्रूवर चालून जाण्याआधी सैन्याच्या शिरस्त्राणांची तपासणी करणारा. पहिली चाळीस पानं तपासणीच चालली होती. शुभदा ती फाइल तीन रविवार घेऊन बसली. एकेचाळिसाव्या पानावर किल्लेदार धावत एका टेकाडावर चढतो, वर त्याची माणसं जिवंत दिसतात, आणि तो काहीच न बोलता खाली बसून जोड्यांतला चिखल काढू लागतो. ते पान तिने दोनदा वाचलं. सोमवारी तिने फाइल परत दिली.

“एकेचाळीसपासून सुरू करा, सर,” ती म्हणाली. “आधीचं सगळं काढून टाका.”

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “तपासणीसुद्धा?”

“तपासणीच आधी काढा.”